पाणचक्कीची धार आणि वजूचा नळ

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला लोक जातात ते बहुधा फोटो काढायला. हौदातले मासे, चक्कीवर पडणारी धार पाहिली की फेरी संपते. ही धार तिथवर आणताना विजेचा एक युनिटही खर्च झालेला नव्हता, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हर्सूलच्या बाजूच्या झऱ्याचे पाणी उतार धरून मातीच्या नळांतून काही किलोमीटर येई. ते मनोऱ्यावर चढे, उंचावरून पात्यांवर पडे, जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर, वाटसरूंसाठी पीठ तयार होई. तेच पाणी पुढे हौदात. हौदाखाली दालन, त्यामुळे उन्हाळ्यातही तिथे गारवा. एकाच पाण्याकडून इतकी कामे! त्याआधी शंभरेक वर्षे मलिक अंबरने याच शहराला नहर दिली, तीही उतारावरच.

आज हे शहर जायकवाडीवर जगते. धरण खाली, शहर वर. पाणी शंभर मीटरहून अधिक चढवावे लागते. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंपातली घट धरली तर, साधारण 0.4 युनिट वीज जाते. राज्याची बरीचशी वीज कोळशावर होते, आणि कोळशाच्या केंद्राला पुन्हा पाणी लागते. 2013च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. विजेशिवाय पाणी नाही आणि पाण्याशिवाय वीज नाही, अशी ही गाठ आहे.

आता मशिदीतला नळ. पूर्वी मशिदीत हौद असायचा. काठावर बसायचे, ओंजळीने पाणी घ्यायचे, वजू करायचा. हौदाची जागा तोट्यांच्या रांगेने घेतली, त्यात स्वच्छता आणि सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोटी एकदा उघडली की डोक्याचा मसाह होईपर्यंत, पाय धुऊन होईपर्यंत ती सुरूच असते. मधेच मोबाइल वाजला तरी सुरूच. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) एका मुद्द पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे जेमतेम पाऊण लिटर. उघड्या तोटीखाली सहा लिटर सहज जातात.

एखाद्या मशिदीत प्रत्येक नमाजला तीनशे नमाजी धरा. पाच वेळा, प्रत्येकी सहा लिटर म्हणजे दिवसाला नऊ हजार लिटर. दीड लिटरच्या लोट्याने वजू केला तर सव्वादोन हजार. रमजानच्या तीस दिवसांत फरक दोन लाख लिटरांचा. दहा हजार लिटरचे वीस टँकर. ज्या शहरातील अनेक वस्त्यांना नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागते, तिथे!

ऊस आणि कारखाने पितात त्यापुढे वजूचे पाणी किती, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे. उसाचा हिशेब मागायलाच हवा, पण तो मागणाऱ्याच्या मागे तोटी वाहत असेल तर त्याचे ऐकणार कोण? शिवाय रोजेदाराला हे वेगळे सांगावे लागू नये. दिवसभर घोटभर पाणी समोर असून तो हात लावत नाही, आणि मगरिबच्या अजानआधी वजूखान्यात बादलीभर पाणी सोडून देतो.

उपाय महागडे नाहीत. दाबली की थोडे पाणी देऊन आपोआप बंद होणारी तोटी बाजारात मिळते. नाहीतर रांगेत लोटे ठेवता येतात. वापरलेले पाणी पुन्हा वजूला चालत नसले तरी आवारातल्या लिंबाला, पेरूला चालते. त्यासाठी गटाराला जोडलेला पाइप फक्त वाफ्याकडे वळवायचा आहे. मुतवल्लींनी एका जुम्म्याला प्लंबर बोलावला तर ईदच्या आधी हे काम होते. इमामसाहेबांनी त्याच जुम्म्याला खुतब्याआधी चार वाक्ये सांगितली तर तोटी बदलण्याआधीच निम्मे पाणी वाचेल. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, म्हणजे मराठवाड्यात विहिरी तळ दाखवू लागायच्या सुमारास.