अर्ध्या गुणाची गोष्ट

मंडळी, मूल स्पर्धेहून घरी आलं की आपला दारातच प्रश्न, "जिंकलास का?" "ड्रॉ झाली" म्हटलं की आईबाबांचे चेहरे पडतात. त्यातून अमेरिकेत बरोबरी कुणाला रुचत नाही. बेसबॉलवाले निकाल लागेपर्यंत जादा इनिंग्ज खेळत बसतात! तेव्हा ट्रॉयमधल्या बुद्धिबळवाल्या पोरांच्या पालकांसाठी आज अर्ध्या गुणाची गोष्ट.

जुलै २०२५. जॉर्जियातलं (अटलांटावाल्या नव्हे, काळ्या समुद्राकाठच्या!) बातुमी शहर. महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपली नागपूरची दिव्या देशमुख, वय १९, मानांकन पंधरावं. समोर कोनेरू हंपी, वय ३८. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

शनिवार, २६ जुलै. तिथे दुपारचे तीन, आपल्याकडे सकाळचे सात, म्हणजे पहिल्या चहाची वेळ. दिव्याकडे पांढरी मोहरी. चौदाव्या खेळीच्या सुमारास डाव तिच्या हातात आला होता, पण नेमकी वाट सापडली नाही. हंपी चिवट. ४१ खेळ्यांनंतर तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर आली आणि डाव बरोबरीत सुटला.

रविवारी दिव्याकडे काळी मोहरी. आता सामना दोनच डावांचा. हा हरली असती तर तिथेच खेळ खलास, सोमवार उगवलाच नसता. ३४ खेळ्यांत पुन्हा बरोबरी! काळ्या मोहऱ्यांनी, हंपीसारखीसमोर, अंतिम सामन्यात मिळवलेला अर्धा गुण म्हणजे काय चीज आहे, ते खेळणाऱ्यालाच ठाऊक.

सोमवारी जलद डाव: प्रत्येकीला पंधरा मिनिटं, वर दर खेळीला दहा सेकंद. पहिला ८१ खेळ्या चालला आणि तोही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे पुन्हा काळी मोहरी. घड्याळ संपत आलं, हंपी चुकली, आणि ७५ खेळ्यांत दिव्या जिंकली. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली. तोवर ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म तिच्या नावावर नव्हता. विजेतेपदाबरोबर किताब थेट मिळाला. भारताची ती ८८वी ग्रँडमास्टर, महिलांमध्ये चौथी.

चार डावांत तीन बरोबऱ्या! येत्या रविवारी पोरांबरोबर शनिवारचा तो पहिला डाव पटावर मांडा, चौदाव्या खेळीपाशी थांबा, आणि "तू काय खेळला असतास?" एवढंच विचारा. उत्तर आपल्याला येत नसेल तर चहा करायला उठावं.