शेवटच्या पानापासून शालिमार

लाहोरच्या शालिमार बागेत आज आपण शिरतो ते ग्रँड ट्रंक रोडवरून, म्हणजे थेट वरच्या टप्प्यावर. शाहजहानने १६४१ मध्ये काम सुरू केले तेव्हा तो बादशाही कुटुंबाचा खासगी भाग होता. पाहुण्याने खालून यावे, एकेक टप्पा चढावा, ही मूळ योजना. थोडक्यात, ही बाग आपण शेवटच्या पानापासून वाचतो.

काश्मीरच्या शालिमारला डोंगरउताराचे पाणी मिळाले. इथे रावीचे पाणी सुमारे १६० किलोमीटरच्या कालव्याने आणावे लागले. त्यावर तीन टप्प्यांतली ४१० कारंजी उडत. पण मला मोह पडतो तो सावन-भादों या मंडपांचा: संगमरवरी कोनाड्यांत रात्री दिवे, दिवसा फुले, आणि पुढ्यात पाण्याचा पडदा. ही हौस श्रावणवेड्या मराठी माणसाला वेगळी काय सांगायची! १७५८ मध्ये पंजाबचा सरदार अदिना बेग याने राघोबादादांचे स्वागत केले तेही याच बागेत.

१९९९ मध्ये मात्र रस्ता रुंद करताना भिंतीबाहेरचे पाण्याचे जुने हौद तोडले गेले. कारंज्यांना दाब पुरवणारे तेच होते.