जपानने दिली म्हणे!

परवा मेट्रो ३ ने गिरगावला उतरलो. शेजारचे काका कौतुकाने म्हणाले, "जपानने दिली हो आपल्याला!" दिली कसली काका, उसने पैसे दिलेत! 'जायका'चं पहिलंच कर्ज ७१ अब्ज येनचं, २०१३ मधलं. व्याजासकट फेडायचंय. अर्थात यात लाज कसली? खुद्द जपानने १९६१ मध्ये बुलेट ट्रेनसाठी वर्ल्ड बँकेकडून ८ कोटी डॉलर घेतले होते. १९९० पर्यंत बँकेची सगळी कर्जं फेडलीसुद्धा.

मला खुपतं ते वेगळंच. गिरगाव-काळबादेवीत स्टेशनांसाठी ज्यांनी चाळीतल्या खोल्या रिकाम्या केल्या, तेही या मेट्रोचे सावकारच की! त्यांना त्याच भागात घर द्यायचं ठरलंय. येनचा हप्ता चुकला तर दिल्लीपर्यंत फोन वाजतील. घराची तारीख चुकली तर कुणाचा वाजतो?