पश्चात्ताप आणि लोकलज्जा

ख्रिस्ती माणसाने आपल्या पापांविषयी किती दुःख करावे, या प्रश्नावर दोन मते मोठ्या आवेशाने मांडली जातात. पहिले मत असे की, अपराधाची जाणीव हा एक मानसिक रोग आहे; तो मिशनऱ्यांनी आपल्या पेट्यांबरोबर या देशात आणला, व शहाण्याने तो टाकून द्यावा. दुसरे मत व्यासपीठावरून ऐकू येते : माणसे निलाजरी झाली आहेत, सबब त्यांस लाजवावे तितके थोडेच. ही मते परस्परांची वैरी समजली जातात. आमच्या मते ती सख्खी भावंडे होत. कारण लाज आणि पश्चात्ताप यांतील भेद दोघांसही उमगलेला नाही.

पहिल्या मताचा समाचार थोडक्यात घेता येतो. रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन विदुषीने १९४६ साली जपानविषयीच्या आपल्या ग्रंथात लाजेवर चालणारे समाज आणि अपराधभावावर चालणारे समाज असा भेद केला. तेव्हापासून आपल्याकडील काही विद्वान पूर्वेच्या वाट्यास लाज व पश्चिमेच्या वाट्यास अपराधभाव देऊन मोकळे होतात. त्यांनी तुकोबांची गाथा एकवार उघडावी. अनुताप हा शब्द मिशनऱ्यांनी घडविलेला नव्हे. तो वारकऱ्यांच्या नित्याच्या बोलण्यातला आहे. देवापुढे उभे राहून स्वतःचे दोष मोजणारा देहूचा वाणी कोणत्याही पाद्र्याच्या शाळेत गेला नव्हता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक सांगत. तेव्हा ही जाणीव परकी आहे, हे म्हणणे आमच्याच वाङ्मयाच्या अज्ञानातून निघालेले आहे.

दुसऱ्या मताशी मात्र आम्हांस सविस्तर भांडावयाचे आहे. कारण त्याने होणारी हानी आमच्या नित्य पाहण्यात आहे. गडचांदूर हे गाव माणिकगडाच्या डोंगराजवळचे. सिमेंटच्या कारखान्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांचे लोक येथे येऊन राहिले, त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आली. अशा गावी ख्रिस्ती मंडळी लहान असते व प्रत्येकाच्या घरातील गोष्ट प्रत्येकास ठाऊक असते. येथे कोणाचा अपराध शोधावा लागत नाही. आणि म्हणूनच कोणास लाजविण्यासाठी फारसे बोलावेही लागत नाही. उपदेशात एखादे वाक्य जरा सावकाश उच्चारले, की सर्व माना एकाच बाकाकडे वळतात.

त्या बाकावर कोण बसलेले असते, हे वाचकांनी आपल्या मनाशी आठवून पाहावे. परधर्मीयाशी लग्न केलेल्या मुलीची आई असते. नवऱ्याने टाकलेली स्त्री असते. व्यसन सोडण्याचा तिसऱ्यांदा प्रयत्न करणारा, हात थरथरणारा एखादा कामगार असतो. परंतु डोंगरावरील कोलाम किंवा गोंड मजुराची मजुरी थकविणारा ठेकेदार पुढल्या बाकावर बसला असेल, तर त्याच्याकडे कोणी मान वळवीत नाही. त्याच्या देणगीची पावती मात्र वेळेवर फाटते. सोयरीक जुळविताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी पूर्वजांची जात विचारणारे गृहस्थही निश्चिंत असतात. लाजेचा हा स्वभावच आहे : ती अपराधाच्या मापाने पडत नाही, अपराध्याच्या दुबळेपणाच्या मापाने पडते. असे हत्यार धर्माच्या हाती शोभत नाही.

आता शास्त्राकडे वळू. प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्री दोन शिष्यांनी त्याचा घात केला. पेत्राने त्यास तीनदा नाकारले, यहूदाने त्यास विकले. दुःख दोघांसही झाले. यहूदाने तर चांदीची नाणी परत नेऊन टाकली व आपला अपराध उघड कबूलही केला. परंतु ज्यांच्यापुढे त्याने तो कबूल केला, त्या याजकांनी तुझे तू पाहा म्हणून त्यास वाटेस लावले, आणि तो गळफास घेऊन मेला. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण पुन्हा आपल्या सोबत्यांत येऊन बसला. दोघांत अश्रूंचा फरक नव्हता. परतून यावयास दार होते की नव्हते, हा फरक होता. पश्चात्ताप म्हणतो, मी हे वाईट केले. लाज म्हणते, मीच वाईट आहे. पहिल्यास पुढे काही करता येते. दुसरीस लपण्यावाचून गती नाही. आदाम बागेत झाडांआड लपला, तो लाजेने.

उधळ्या पुत्राने वाटेतच भाषण तयार केले होते. त्यात दोन भाग होते : मी पाप केले आहे, आणि मला चाकर करून ठेवा. पित्याने पहिला भाग ऐकून घेतला. दुसरा त्याच्या तोंडून निघण्याआधीच झगा व अंगठी मागविली. आमचे उपदेशक नेमका तो दुसरा भाग लोकांकडून जन्मभर म्हणवून घेत असतात. आणि जक्कयाची कथा तर त्यांच्या पद्धतीच्या उलट आहे. प्रभूने त्याच्या जकातीचा हिशेब चव्हाट्यावर मांडला नाही. त्याच्या घरी उतरला. मग जक्कयानेच उभे राहून अर्धे द्रव्य गरिबांस देण्याचे व लुबाडल्याच्या चौपट परत करण्याचे कबूल केले. लाजविलेला मनुष्य हिशेब लपवितो. क्षमेचा सुगावा लागलेला मनुष्य तो उघडतो.

यावर आम्हांस केडगावचे उदाहरण ऐकविले जाते. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात मोठी जागृती झाली आणि मुली रडून आपली पापे कबूल करू लागल्या, हे खरे. पण त्या अश्रूंचे गोडवे गाणाऱ्यांनी आधीचा इतिहासही सांगावा. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. आमचा राजुऱ्याकडील भाग मात्र निजामाच्या राज्यात. तेथील उपाशी मुली व विधवा त्यांनी शेकड्यांनी सोडवून आणल्या, त्यांस अन्न, अक्षर आणि धंदा दिला. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. आठ वर्षे भाकर आधी, अश्रू मागाहून. ज्यांस विधवा म्हणून जगाने लाजविले होते, त्यांची ती लाज रमाबाईंनी प्रथम उतरविली; तेव्हाच त्या स्वतःची खरी पापे निर्भयपणे पाहू शकल्या. पुढे मुक्तीतील स्त्रियांच्याच हातांनी रमाबाईंच्या बायबलच्या भाषांतराचे खिळे जुळले. लाजविलेल्या माणसाकडून असे काम होत नसते.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा १९०० साली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा संताप आहे, स्वतःचे सोवळेओवळे आहे, घरातील फजित्या आहेत, काहीही झाकलेले नाही आणि तरीही वाचक हसत असतो. क्षमा मिळाल्याची खात्री असलेले माणूसच स्वतःच्या दोषांवर असे हसू शकते. मराठीतील पापनिवेदनाचा याहून निकोप नमुना आम्हांस ठाऊक नाही.

लाज काढून घेतली तर शिस्त कशी राहावयाची, असा प्रश्न कोणी करतील. तो रास्त आहे. पौलानेही शिस्तीचा आग्रह धरला होता. परंतु करिंथ येथे एका अपराध्यास शासन झाल्यावर, आता पुरे, त्यास क्षमा करा व धीर द्या, नाहीतर तो अतिदुःखाने बुडून जाईल, असे त्यानेच कळविले. ज्या शासनास शेवट नाही, ते शासन नव्हे, सूड होय. आणि शिस्त लावावयाची तर ती वरून लावावी. १९४५ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांनी स्टुटगार्ट येथे एकत्र येऊन, आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, असा स्वतःचाच दोष जाहीर कबूल केला. आमच्या मंडळ्यांनी जातीविषयी आणि मजुरीविषयी असे काही एकदा तरी कबूल केले आहे काय?

म्हणून आमचे मागणे फार नाही. एकट्याचे पाप एकांतात ऐकावे. व्यासपीठावरून कोणाच्या घराकडे बोट दाखवू नये. ज्याने दुसऱ्याचे बुडविले, त्याच्याकडून अश्रूंऐवजी भरपाई मागावी. आणि ज्याने एकदा पाप पदरी घेऊन क्षमा मागितली, त्यास रविवारी मागल्या बाकावर बसण्याची पाळी आणू नये. एवढे करवत नसेल, तर उधळ्या पुत्राची कथा वाचण्याचे तरी बंद करावे. कारण त्या कथेत दाराबाहेर उभा राहून कुरकुरणारा थोरला भाऊ आहे, आणि ऐकणाऱ्यांस तो केव्हातरी ओळखू येईल.