कोंबडीची सर्दी

भगिनींनो, घोडनदीकाठी शिरूरला काय किंवा भीमेकाठी दौंडला काय, थंडी पडली की परसातल्या खुराड्यातून घरघर ऐकू येते. नाक वाहते, डोळे चिकटतात, अंडी घटतात. अशा वेळी घरात उरलेली कॅप्सूल मुळीच चारू नका. मानमोडी असेल तर तिचा काही उपयोग नाही!

आजारी कोंबडी वेगळी डालून जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. औषध सांगितले तितके दिवस पुरते द्या. डॉक्टर म्हणतील तोवर तिची अंडी मुलांच्या ताटात नकोत. खुराडे कोरडे ठेवा; ओल्या घाणीच्या उग्र वासाने छाती अधिकच बिघडते.

आणि हो, बरी झालेली कोंबडीही पुष्कळदा रोग बाळगून असते. तो अंड्यातून पिलातही उतरू शकतो. म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका बरं!