चित्रपटाची निवड आणि ख्रिस्ती विवेक

पदवीच्या वर्गाला 'साहित्यकृतीचे माध्यमांतर' हा घटक शिकवताना आम्ही गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' ही कादंबरी आणि तिच्यावरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये केलेला त्याच नावाचा चित्रपट एकत्र घेतो. एके वर्षी चित्रपट दाखवण्याच्या आदल्या दिवशी खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरून येणारी विद्यार्थिनी विभागात आली आणि संकोचाने म्हणाली, "सर, उद्या मी नाही आले तर चालेल का? बाबा नको म्हणतात." कादंबरी वाचून तिने घरी गोष्ट सांगितली होती. तीत भगत आहे, ढोल आहे, डोंगराला देव मानणे आहे. "बाबा म्हणतात, आजोबांनी हे सगळं सोडलं तेव्हा गावानं त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. आता कॉलेजच ते परत दाखवणार का?"

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. साहित्याच्या अध्यापकाला अशा वेळी कलेच्या स्वायत्ततेचा आधार घेता येतो. फडके-खांडेकरांच्या काळापासून चालत आलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद मदतीला बोलावता येतो. परंतु ज्या माणसाच्या वडिलांनी श्रद्धेची किंमत पाण्याच्या घागरीने मोजली, त्याच्यापुढे हा वाद फार किरकोळ वाटतो. शिवाय आम्ही दोघेही ख्रिस्ती घरांतच वाढलो. त्या वडिलांचा आवाज आम्हांला परका नव्हता.

नवापूर तालुक्यातील आदिवासी ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा आवाज कोठून येतो हे सांगायला नको. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांच्या कार्यातून येथे जी मंडळी उभी राहिली, तिने दारू सोडली, भगताकडे जाणे सोडले आणि त्याच ओघात तमाशा-सिनेमाही वर्ज्य मानला. आमच्या लहानपणी सिनेमा म्हणजे खांडबाऱ्याहून रेल्वेने नंदुरबारला जाऊन, घरी न सांगता, करावयाची गोष्ट होती. गंमत अशी की आम्ही आयुष्यातला पहिला चित्रपट पाहिला तो मंडळीच्याच अंगणात. दोन बांबूंना बांधलेले पांढरे कापड, जनरेटरची घरघर आणि पडद्यावर 'दयासागर'. ए. भीमसिंग यांच्या १९७८ च्या 'करुणामयुडु' या तेलुगू चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती होती. क्रूसाच्या दृश्याला बाया पदराने डोळे पुसत होत्या. सिनेमा पाप आहे असे सांगणारे वडीलधारेच त्या रात्री पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते.

त्या रात्रीच्या विसंगतीत एक निकष दडलेला होता: येशूचे नाव असेल तो चित्रपट चांगला, नसेल तो वाईट. याच्या जोडीला दुसराही निकष आमच्या घरांत चालतो, तो यादीचा. चुंबन आहे का, दारू आहे का, शिवी आहे का, रक्त आहे का? सेन्सॉरचे प्रमाणपत्रही काहीसे अशाच मोजमापाने चालते. २०२४ च्या नियमांनी 'यूए' या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. पालकांना त्याचा उपयोग आहेच. मात्र प्रमाणपत्र प्रेक्षकाचे वय सांगते, कृतीचे मूल्य सांगत नाही.

हे दोन्ही निकष अपुरे आहेत, असे आमचे मत आहे. यादीचा निकष काटेकोरपणे लावला तर प्रथम बायबलच बाजूला ठेवावे लागेल. त्यात भावांनी विकलेला योसेफ आहे, शास्ते यांच्या पुस्तकातील अंगावर काटा आणणारी हिंसा आहे, दावीद आणि बथशेबा आहेत. आणि नावाचा निकष लावला तर मेल गिब्सन यांचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' (२००४) डोळे मिटून स्वीकारावा लागेल. या चित्रपटाने अनेकांना प्रार्थनेकडे नेले हे खरे. परंतु त्यातील यहुद्यांच्या चित्रणावर गंभीर आक्षेप घेतले गेले, हेही तितकेच खरे. ख्रिस्ताच्या वेदनेचे चित्र पाहून प्रेक्षकाच्या मनात दुसऱ्या समाजाविषयी द्वेष उत्पन्न होत असेल, तर पडद्यावर नाव कोणाचे आहे याला काय अर्थ उरतो?

मग निकष कोणता? आम्हांला तो दाविदाच्याच कथेत सापडतो. बथशेबेसाठी उरीयाला मरणाच्या तोंडी देणाऱ्या राजाकडे नाथान संदेष्टा येतो आणि उपदेश न करता एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे गुरांमेंढरांचे कळप असतात, गरिबाकडे एकच कोकरी असते. पाहुणा आला असता श्रीमंत आपले एकही जनावर न मारता गरिबाची कोकरी हिसकावून घेतो. दावीद संतापतो, त्या श्रीमंताला मृत्युदंड ठरवतो, आणि मग नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच आहेस. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर ही कथा श्रोत्याला न्यायाधीशाच्या आसनावर बसवते आणि तेथूनच आरोपीच्या पिंजऱ्यात आणते. आमच्या मते चित्रपट निवडताना ख्रिस्ती माणसाने हाच प्रश्न विचारावा: ही कृती मला कोठे उभे करते? ती शेजाऱ्याला माझ्यासमोर माणूस म्हणून आणते, की त्याला वस्तू करून माझ्या करमणुकीला देते?

हा प्रश्न विचारला की परिचित चित्रपट वेगळे दिसू लागतात. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे ख्रिस्ती स्त्रीला रोझी, मोना किंवा लिली अशा नावांची, खलनायकाच्या अड्ड्यावर मद्याचा पेला पुढे करणारी बाई म्हणून रंगवले. आदिवासी म्हणजे पिसे लावून शेकोटीभोवती नाचणारा, अर्थहीन आरोळ्या देणारा जमाव, हे चित्रही तेवढेच रुळलेले आहे. अशी दृश्ये असलेले कितीतरी चित्रपट आमच्या घरांत 'स्वच्छ' म्हणून मुलाबाळांसह पाहिले गेले. खांडबाऱ्याचे ख्रिस्ती आदिवासी मूल त्यात दोनदा हास्यास्पद ठरत होते, आणि ते स्वतःही हसत होते. याउलट गोविंद निहलानी यांचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'आक्रोश' (१९८०) घ्यावा. त्यात अत्याचार आहे, हत्या आहे, शेवटी जीव गोठवणारी किंकाळी आहे. यादीच्या निकषावर तो नापास होईल. पण पत्नीच्या खुनाचा आरोप अंगावर घेऊन मुका बसलेला लहान्या भिकू प्रेक्षकाला चैन पडू देत नाही. त्याचे मौन कोणी घडवले, असे विचारताना आपला हात आपल्याच दिशेने वळतो. हा चित्रपट नाथानाचे काम करतो.

प्रश्न उरतो तो परधर्मीय श्रद्धेच्या चित्रणाचा, आणि त्या विद्यार्थिनीच्या वडिलांचा आक्षेप याच ठिकाणी होता. येथे मराठी ख्रिस्ती परंपरेने आपल्याला एक थोर उदाहरण दिले आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत. अशा टिळकांचे वारसदार म्हणवणाऱ्यांनी प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) परका मानावा, हे शोभणारे नाही. उलट दिशेचे उदाहरणही आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना दादासाहेब फाळके यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहिले, आणि त्या ध्यासातून १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' घडला. दुसऱ्याची कथा श्रद्धेने पाहणाऱ्याला स्वतःची कथा सापडते, हे भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेतच लिहिलेले आहे.

'जैत रे जैत'कडे या दृष्टीने पाहावे. ठाकरांच्या वाडीतला भगताचा मुलगा नाग्या पुण्यवंत होण्याची आस धरतो. तरीही राणी माशीच्या दंशाने त्याचा डोळा जातो. मी काय चुकलो, हा त्याचा प्रश्न आहे. शेवटी पोळी उतरतात, जैत होते, पण माश्यांच्या हल्ल्यात चिंधी जाते. निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का येते, असे देवाला विचारणारा ईयोब ज्याने वाचला आहे, त्याला नाग्या अनोळखी वाटू नये. दोघांना मिळणारी उत्तरे वेगळी आहेत. प्रश्न मात्र एकाच मातीचा आहे.

याचा अर्थ काहीही पाहिले तरी चालते, असा नव्हे. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयी करिंथकरांना लिहिताना पौलाने स्वातंत्र्य मान्य केले, पण दुर्बळ विवेकाच्या भावाला त्यामुळे ठेच लागू नये, ही मर्यादाही घातली. ज्याची जखम ओली आहे त्याने भगताचे दृश्य टाळले, तर ते अडाणीपणाचे लक्षण समजू नये. आणि माणसाला वस्तू करणारे चित्रपट तर निखळ कंटाळ्यापोटीही सोडून द्यावेत. मोबाइल हाती आल्यापासून निवड फार वेळा आपण करतच नाही. एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते.

मात्र सोडणे आणि बंदी घालणे यांत अंतर आहे. २००६ मध्ये 'द दा विंची कोड'वर अनेक राज्यांनी बंदी घातली, आणि आंध्र प्रदेशातील बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या वेळी निषेध करणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी तो चित्रपट पाहिला होता, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेतील कॅथलिकांनी १९३०च्या दशकात 'लीजन ऑफ डिसेन्सी' उभारून निषिद्ध चित्रपटांच्या याद्या केल्या. १९९५ मध्ये व्हॅटिकनने यादी केली ती पाहण्याजोग्या ४५ चित्रपटांची, आणि तीत पासोलिनीसारख्या नास्तिक मार्क्सवाद्याने केलेला मत्तयकृत शुभवर्तमानावरचा चित्रपटही घेतला. साठ वर्षांत झालेला हा प्रवास आमच्या मंडळ्यांनीही करावा, असे आम्हांला वाटते.

त्या मुलीला आम्ही सांगितले की वर्गात येण्याची सक्ती नाही, केवळ कादंबरीवर लिहिले तरी चालेल. चार दिवसांनी ती म्हणाली की तिने चित्रपट घरीच पाहिला, आणि वडीलही शेजारी बसले होते. निम्म्यावर ते उठून अंगणात गेले. त्यांचे मत बदलले नाही, आणि ते बदलावे असा आग्रह धरण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण या वेळी त्यांनी पाहून नाकारले. मुलीने आपल्या निबंधात नाग्याशेजारी ईयोबाला बसवले होते. ते आम्ही तिला शिकवले नव्हते. ईयोब तिला त्याच घरात, त्याच वडिलांच्या तोंडून ऐकायला मिळाला होता.