उलटे आटे

सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात हे शिकण्यात लहानपणी माझा एक आख्खा रविवार गेला होता. जेवढा जोर लावून सोडवायला जावं, तेवढं ते घट्ट होत होतं. ही गोष्ट परवा आठवली, ती भाच्यामुळे.

या पठ्ठ्याने माळ्यावर पडलेली माझी जुनी काळी सायकल खाली काढली आणि तिची 'फिक्स्ड गिअर' करून टाकली. मागचं फ्रीव्हील काढलं, त्या जागी साधं दातेरी चक्र बसवलं. आता चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय सोडून बसायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायांनी मागे जोर द्यायचा. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात. जपानात १९४८ पासून चालत आलेल्या केइरिन शर्यतीत तर सायकलला ब्रेकही नसतो. पण तिथे आल्तिनोचा उतार नाही आणि वळणावर समोर येणारी बसही नाही!

त्याच उतारावर भाच्याने मागे जोर दिला आणि चक्रच आट्यांवरून सुटलं. पाय थांबले, चाक पळत राहिलं. पुढचा ब्रेक काढला नव्हता, म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं.

कारण साधं आहे. चक्राचे आटे सरळ असतात. पुढे पायडल मारताना ते आवळत जातं, मागे जोर दिला की सुटू पाहतं. म्हणून फिक्स्डच्या खऱ्या हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली १.३७ इंची, चक्रासाठी. बाहेरची थोडी लहान, बहुधा १.२९ इंची, आणि तिचे आटे उलटे. तिच्यावर लॉकरिंग बसते. चक्र सुटायला गेलं की ते लॉकरिंगला आणखी आवळतं. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर एकच पायरी असते, तीही त्याच १.३७ इंची मापाची. त्यामुळे चक्र झकास बसतं, आणि माणूस फसतो.

आम्ही सायकल घेऊन एका दुकानात गेलो. ''वेल्डिंग मारून देतो, जन्मात सुटणार नाही,'' असं उत्तर मिळालं. दुसरीकडे एका म्हाताऱ्या मेस्त्रीने चाक हातात घेतलं, आट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ''बाब, हें हांव करचों ना.'' भाचा हिरमुसला. मला मात्र त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

आपल्याकडे 'नाही' म्हणणाऱ्या कारागिराला आपण अडाणी किंवा आळशी समजतो आणि काहीतरी जोडून देणाऱ्याला हुशार. जुगाडाला माझा विरोध नाही. मडगार्डला तार बांधा, कॅरिअरला रबर लावा. पण ज्या जोडावर थांबणं अवलंबून आहे, तिथे जुगाड नको. वेल्डिंगच्या उष्णतेने छर्ऱ्यांच्या वाटीचं पाणी उतरतं, आणि चक्र झिजलं की हबही फेकावं लागतं.

खर्चाचं म्हणाल, तर तक्रार खरी आहे. आपल्या काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात, ट्रॅक हबला बहुधा ३२ किंवा ३६ भोकं. म्हणजे हबबरोबर रिम आणि तारा नव्या. शिवाय हब बहुधा १२० मि.मी. रुंद, तेव्हा फ्रेमचं मागचं अंतर आधी मोजायला हवं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! पण हाडवैद्याकडे जाण्यापेक्षा हे स्वस्तच.

असो. नवं चाक त्याच मेस्त्रीने बांधलं. आटे पुसून ग्रीस लावलं, चक्र आवळलं, भाच्याला एक चढ चढवून आणला, मग लॉकरिंग पुन्हा आवळली. पुढचा ब्रेक काढलास तर सायकल माझ्या घरी ठेवायची नाही, ही माझी अट.

तुमच्या घरात कोणी हा उद्योग करत असेल, तर मागच्या हबवर आट्यांच्या पायऱ्या किती आहेत ते बघा. एकच असेल, तर सायकल उतारावर नेऊ देऊ नका.